टॅपेट वाजत नाही

ईस्टर होऊन गेलं आणि लेआर्कोने पुन्हा मोटारसायकलचं इंजिन उघडलं. खाली माझी धाकटी बहीण आर्जिया आणि तिचा हा नवरा राहतो, वरच्या मजल्यावर मी. अंगणाच्या कोपऱ्यात त्याची शेड. तिथलं सगळं मला ऐकू येतं, हवं असो वा नसो. दुपारी जेवून डोळा लागावा, तर खाली किक. किकपाठोपाठ खडखडाट. मग एकदम बंद, आणि लेआर्कोचा आवाज, "नाही. वाजतच नाही."

काय वाजत नाही ते सांगते. इंजिनात व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा टॅपेट यांच्यामध्ये केसाएवढी फट ठेवावी लागते. फट असली की टॅपेट हलका टिकटिकतो. ती मिटली की आवाज थांबतो, व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि जळून जातो. म्हणजे टिकटिक चालू आहे तोवर ठीक, गप्प झाला की धास्ती घ्यायची. आमच्या रोमान्या प्रांतात हे शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. इथे बायका पोळी लाटता लाटता रस्त्यावरून गेलेली गाडी कोणाची ते सांगतात.

आणि गावात कोणाला खऱ्या नावाने हाकही मारत नाहीत. लेआर्कोला सगळे 'कान' म्हणतात. ट्रॅक्टर, मळ्यातला पंप, पाद्रीबाबांची स्कूटर, काहीही बिघडलं की लोक त्याच्यापुढे आणून चालू करायचे. हा मान तिरकी करून ऐकायचा आणि दुखणं सांगायचा. फारच अडलं तर लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवायचा आणि त्याची मूठ कानामागच्या हाडावर, म्हणजे आवाज हाडातून थेट आत पोचतो. पण ते इतरांच्या गाड्यांसाठी. स्वतःची लाल मोटारसायकल तो नुसत्या कानाने लावायचा. फट मोजायच्या पातळ पोलादी पत्त्यांचा जुडगा खणात पडून होता. "पत्त्या बहिऱ्यांसाठी," असं म्हणायचा.

खरी गोष्ट ही, की टॅपेट छान वाजत होता. लेआर्कोचे कान गेले होते.

हे आर्जियाला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि गावाला तर कधीच कळलं होतं. कळलं नव्हतं ते फक्त त्याला. बरं, गुरुवारी लायसन्सची तपासणी. वय ऐंशीच्या पुढे गेलं की डॉक्टर डोळे तर तपासतोच, शिवाय थोडं लांब उभं राहून साध्या आवाजात बोलतो आणि म्हणून दाखव म्हणतो. नापास झाला तर मोटारसायकल संपली. आर्जिया लग्नापासून तिच्या मागच्या सीटवर बसत आलीय. मोटारीत तिला मळमळतं. शनिवारी दोघं डोंगरावर जायची, चेस्टनटच्या रानात भाकरी-चीज खायची नि परत यायची. तेवढंच त्यांचं जग.

"सांगून टाक ना त्याला," मी म्हटलं.

"तूच सांग," आर्जिया म्हणाली.

"मी कशाला? नवरा तुझा."

"'कान' म्हणतात त्याला, देर्ना. मी कोणत्या तोंडाने सांगू?"

मला रागच आला तिचा, आणि खाली उतरून सांगावं म्हटलं तर माझीही जीभ रेटेना.

टॅपेट लावायचे तर इंजिन थंड लागतं, हाताच्या पाठीला गार लागेल इतकं. लेआर्को सकाळी झाकण काढायचा, चाक हळूहळू फिरवून पिस्टन वर आणायचा, नट सैल करून फट जराशी वाढवायचा, नट आवळायचा. मग ऐकण्यासाठी किक. ऐकायला येत नाही म्हटल्यावर पुन्हा उघडायचं, पण एव्हाना इंजिन तापलेलं. मग ते निवेपर्यंत अंगणात फेऱ्या. शेडपासून विहिरीपर्यंत, विहिरीपासून शेडपर्यंत. मधेच जाऊन झाकणावर हात ठेवायचा, चटका बसला की शिवी, पुन्हा फेऱ्या. आर्जियाने कॉफी आणून दिली तर उभ्यानेच घ्यायचा. कप कोंबड्यांच्या खुराड्यावर सापडायचा.

प्रत्येक खेपेला फट थोडी अजून वाढायची. पत्र्याच्या डब्यात चमचे हलवावेत तसं ते इंजिन वाजायला लागलं. बेकरीवाला मला विचारतो, "काय गं देर्ना, लेआर्कोने शिवणकामाची मशीन घेतली वाटतं?" मी पाव उचलला आणि चालू लागले. माझ्या बहिणीच्या नवऱ्याला हसायचं तर मी हसेन, याने का?

संध्याकाळी तो पत्ते खेळायला बारमध्ये जायचा. तिथे जोडीदार पान टाकताना "ठोकतो" म्हणाला की आपण आपलं सगळ्यात भारी पान काढायचं, असा खेळ आहे. त्याचा जोडीदार गाउदेन्झिओ दोनदा "ठोकतो" म्हणाला. लेआर्कोने सगळ्यात हलकं पान टाकलं.

"झोपलायस का?" गाउदेन्झिओ म्हणाला.

"तोंडात दात बसव आणि मग बोल," लेआर्कोने सुनावलं आणि डाव सोडून घरी आला. आल्या आल्या शेडमध्ये दिवा लागला.

बुधवारी सकाळी त्याने फतवा काढला. "व्हॉल्व्ह जळलेत. इंजिनाचं हेडच उतरवतो."

आर्जियाचा चेहरा उतरला. हेड उतरलं असतं तर ते परत चढेपर्यंत द्राक्षं पिकली असती. मी जिन्यावर उभी होते, भांडी विसळायचं निमित्त करून. आर्जिया शेडमध्ये गेली, भिंतीवरचा लांब पेचकस काढला आणि म्हणाली, "किक मार."

"काय?"

"किक मार," ती ओरडली.

त्याने मारली. चमच्यांचा डबा सुरू झाला. आर्जियाने टोक झाकणावर टेकवलं, त्याची मान धरून खाली वाकवली आणि मूठ त्याच्या कानामागे लावली. जन्मभर त्याला हे करताना पाहत आली होती, हात कुठेही चुकला नाही.

लेआर्को दचकला. मग त्याने पेचकस बाजूला केला आणि ऐकलं. पुन्हा लावला. पुन्हा काढला. असं कितीतरी वेळ चाललं. शेवटी त्याने इंजिन बंद केलं आणि कोंबड्यांचा आवाज आला, निदान मला तरी.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"नाताळच्या आधीपासून," आर्जिया त्याच्या तोंडासमोर येऊन म्हणाली.

"कोणाकोणाला माहितीये?"

तिची नजर वर माझ्याकडे गेली. त्याने मान वर करून जिन्याकडे पाहिलं. "म्हणजे हिलाही."

मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण मी ओरडून म्हटलं, "गावभर तुझी मशीन वाजतेय, मला नाही कळणार?"

तो स्टुलावर बसला. या वेळी फेऱ्या नाहीत, शिव्या नाहीत. इंजिन निवेपर्यंत तो तसाच बसून राहिला आणि मला त्या बसण्याची त्याच्या फेऱ्यांपेक्षा जास्त भीती वाटली. जेवायचीही हाक आर्जियाने मारली नाही. ताट तिथेच आणलं.

मग त्याने खण उघडून फट मोजायच्या पत्त्यांचा जुडगा काढला. फडक्याने तेल पुसलं आणि वर माझ्याकडे बघून म्हणाला, "अगं ए, चष्मेवाली, कान नाही तर डोळे तरी उधार दे. यातली दहा आकड्याची कुठली?"

मी उतरले आणि दाखवली. त्याने पत्ती फटीत सरकवली, पेच फिरवला, पत्ती किंचित घासत निघेल इतका, नट आवळला. मग दुसरा टॅपेट, मग तिसरा, मग चौथा. नवशिक्या करतो तसं, प्रत्येक दोनदा तपासून. झाकणं बसवून त्याने किक मारली आणि सवयीने मान तिरकी केली. मग आठवलं असावं. त्याने मान सरळ केली आणि आर्जियाकडे पाहिलं.

आर्जियाने मान तिरकी केली. हुबेहूब त्याच्यासारखी.

"वाजतोय?" त्याने विचारलं.

"वाजतोय."

"किती?"

"बेताचा. पूर्वीसारखा."

आजवर या माणसाने दुसऱ्याच्या कानावर कधी भरवसा ठेवला नव्हता. त्याने मान डोलावली आणि इंजिन बंद केलं.

"लायसन्सवाल्याला सांग, गुरुवारी नाही जमत. आधी कानात यंत्र बसवून घेतो. त्याची वेळ मिळायलाच महिना जाईल," तो कुरकुरला.

"वेळ घेतलीय," आर्जिया म्हणाली. "उद्या सकाळची. आणि लायसन्सची पुढे ढकललीय."

"मला न विचारता?"

"गेल्या आठवड्यात जेवताना विचारलं होतं."

"मग मी काय म्हणालो?"

"हो म्हणालास."