शैलजाताईंचे अकरा सेकंद

चाळीस मोटारी जळाल्या, त्या मी जाळल्या. काडी लावली नाही, की तारेला हात लावला नाही. मोटारीची तार कुठून आत जाते आणि कुठून बाहेर येते, हेसुद्धा मला तेव्हा धड सांगता आलं नसतं. मी फक्त खुर्चीत बसून, चहा पीत पीत, एका व्हिडिओतले अकरा सेकंद कापले.

सांवेर रोडवर पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात मी प्रशिक्षण अधिकारी आहे. ज्यांना काम येतं त्यांचं काम पाहायचं आणि ज्यांना येत नाही त्यांना ते शिकवायचं, अशी ही नोकरी. मधल्या माणसाला काम आलंच पाहिजे अशी अट नाही. मी मूळचा साताऱ्याचा. इंदुरात सात वर्षं झाली. आता पोह्यांवर शेव नसली तर घरी काहीतरी विसरून आल्यासारखं वाटतं.

शैलजाताई फणसे मात्र तीन पिढ्यांच्या इंदूरकर. आजोबा संस्थानच्या खजिन्यात कारकून, वडील परदेशीपुऱ्यातल्या मिलच्या टाइम ऑफिसात, आणि मिल बंद पडल्यावर शैलजाताई आमच्या कारखान्यात, वाइंडिंगला. "आजोबांनी खजिना सांभाळला, बाबांनी भोंगा, मी तार," त्या म्हणतात. "आमच्या खानदानात चीज बारीक बारीकच होत चालली आहे, भिया." खूश असल्या की मी भिया, म्हणजे भाऊ, असतो. रागावल्या की सर.

वाइंडिंग म्हणजे काय ते सांगतो, फार नाही, मला येतं तेवढंच. मोटारीत लोखंडी पत्र्यांचं एक कडं असतं. त्याच्या आतल्या बाजूला चोवीस खाचा. त्या खाचांत तांब्याच्या तारेची वेटोळी बसवायची. तारेवर लाखेसारखा एक पातळ लेप असतो. तो कुठे खरवडला, की मोटार आज ना उद्या जळणार. आणि खरवडतो कोण? खाचेच्या धारेवर राहून गेलेली लोखंडाची बारीक कूस. शैलजाताई तिला काटा म्हणतात. डोळ्यांना तो दिसत नाही. म्हणून प्रत्येक कडं हातात आलं की शैलजाताई डोळे मिटतात आणि अंगठा चोवीस खाचांवरून फिरवतात. काटा लागला तर कानस मारतात. मग डोळे उघडतात, मग खाचेत अस्तराचा कागद, मग तार. पूर्वी नवी मुलगी आली की पंधरा दिवस तिला तारेला शिवू देत नसत. शेजारी बसवायचं आणि नुसता अंगठा फिरवायला लावायचं.

हे सगळं मला आज माहीत आहे. गेल्या उन्हाळ्यात माहीत नव्हतं. तेव्हा कंपनीनं शिकवण्याचं एक ॲप घेतलं होतं आणि पंधरा दिवसांचं काम चार मिनिटांत बसवायचं ठरलं होतं. चारच मिनिटं का? तर त्यापुढे माणूस बघत नाही, असं ॲपवाल्यांनी आलेख काढून दाखवलं. मला ते पटलं. माझी मुलगी शमिका कोचिंगची सगळी लेक्चरं दुप्पट वेगानं ऐकते. मी जेवताना काही सांगायला लागलो, की माझ्या कपाळावर कुठे बटण आहे का ते शोधत असते.

तर मी शैलजाताईंचं काम चित्रित केलं. छान झालं. फक्त भरलं चार मिनिटं अकरा सेकंद. आता काय कापावं म्हणून पुन्हा पुन्हा पाहिलं, तर एका जागी बाई डोळे मिटून बसलेल्या, मांडीवर लोखंडी कडं, चेहरा शांत. मला वाटलं, देवाचं नाव घेताहेत. मोजलं तर बरोबर अकरा सेकंद. देवानंच सोय केली म्हणून मी कात्री चालवली.

व्हिडिओ गाजला. सहा नवीन मुली तो पाहून दोन दिवसांत तयार झाल्या. फाटकाशी शैलजाताईंचा मोठा फोटो लागला, खाली 'हमारी गुरु'. फोटोतही डोळे उघडे.

त्याच सुमारास टेबलांवर कॅमेरे आले. कोण किती चपळ, हे कॅमेरा बघतो आणि भिंतीवरच्या टीव्हीवर गुण झळकतात. पहिल्या दिवसापासून अस्मिता सर्वांत वर, सत्त्याण्णव. ही व्हिडिओवर शिकलेली, तेवीस वर्षांची, हात म्हणजे शिवणयंत्र. सर्वांत खाली शैलजाताई, एकसष्ट.

आमचे प्रॉडक्शन मॅनेजर पुष्कर पुण्याचे, वय बत्तीस, माणूस वाईट नाही. फक्त खिडकीतून पाऊस दिसत असला तरी मोबाइलवर बघून खात्री करणारा.

"मॅडम, सिस्टीम म्हणतेय, दर मोटारीमागे तुम्ही अकरा सेकंद रिकाम्या बसता."

"सिस्टीमला सांगा, मी झोपत नाही, डोळे मिटते. फर्क आहे."

"पण नव्या सहाजणी मिटत नाहीत."

"तेच तर मी कधीची सांगून राहिले!"

पुष्कर हसले आणि गेले. मीही हसलो. त्या हसल्या नाहीत.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा होते. त्या दिवशी शैलजाताई स्टुलावर चढल्या आणि त्यांनी कॅमेऱ्याला झेंडूचा हा भरघोस हार घातला. फूल बरोबर भिंगावर. दिवसभर टीव्हीवर त्यांच्या नावापुढे 'कामगार आढळला नाही' असं येत राहिलं आणि खाली बसून त्या नेहमीइतक्याच मोटारी भरत राहिल्या. पुष्कर धावत आले.

"मॅडम, हे काय?"

"पूजा. सगळ्या मशिनींची केली. यालाच वगळलं तर बिचाऱ्याला काय वाटेल?"

हार काढायची हिंमत कुणाला होईना. पूजेचा हार, तोही सणाचा. तिसऱ्या दिवशी तो सुकून आपणच गळाला. कारखान्यातले लोक अजून सांगतात, की त्या तीन दिवसांत चहासुद्धा गोड लागत होता.

हिवाळ्यात मोटारी परत यायला लागल्या. कुणाच्या गच्चीवरच्या टाकीत पाणी चढेना, कुणाच्या पंपातून धूर. कारखान्यातल्या चाचणीत या सगळ्या पास झाल्या होत्या. खरवडलेली तार पहिल्या दिवशी बोलत नाही. महिनाभर गरम-थंड झाली की बोलते. चाळीस मोटारी उघडून जमिनीवर मांडल्या. आतून सगळ्या काळ्या. सगळ्या त्या सहाजणींनी भरलेल्या आणि सहाही व्हिडिओवर शिकलेल्या. व्हिडिओत चेहरा कुणाचा? फाटकावर फोटो कुणाचा?

पुष्कर कागद घेऊन आले. सगळं वाइंडिंग खातं उभं होतं.

"मॅडम, तुम्ही शिकवलेल्या पद्धतीत खाच तपासणं नाहीच आहे. तुमच्या पद्धतीत दोष होता, एवढं लिहून सही करा. विषय संपला. नाहीतर सोमवारपासून पॅकिंगला बसा."

"सव्वीस वर्षांत माझी एक मोटार परत आलेली नाही."

"तसा डेटा नाहीये, मॅडम."

"जी परत आलीच नाही तिचा डेटा कुठून येणार?"

पुष्करनी कागद पुढे सरकवला. मग शैलजाताई माझ्याकडे वळल्या. आवाज अगदी साधा.

"सर, हात माझे. कैंची कुणाची होती?"

आपल्या बुटांची लेस किती वेळा ओवलेली असते हे मी आयुष्यात कधी मोजलं नव्हतं. त्या दिवशी मोजलं. आठ वेळा. मान वर केली तेव्हा सगळे पांगले होते.

मूळ चित्रण माझ्याकडे होतं. घरी जाऊन ते लावलं आणि त्या अकरा सेकंदांत या वेळी चेहऱ्याऐवजी अंगठा पाहिला. शमिका मागे येऊन उभी राहिली होती. "बाबा, हा तर मेन पार्ट आहे," ती म्हणाली. दुप्पट वेगानं ऐकणाऱ्या पोरीला जे एका नजरेत दिसलं, ते मला प्रशिक्षण अधिकारी असून दिसलं नव्हतं.

रविवारी मी परदेशीपुऱ्यात त्यांच्या घरी गेलो. त्या मटार सोलत होत्या. मी वाटेत एक योजना रचली होती आणि ती मला फार शहाणपणाची वाटत होती.

"ताई, मी तो तुकडा गुपचूप परत जोडतो. कुणाला कळणार नाही. तुम्ही तूर्त सही करून टाका. म्हणजे पॅकिंगला बसायची वेळ येणार नाही."

त्यांनी एक शेंग उघडली, दाणे ताटात सोडले.

"चुपचाप कापलंत, चुपचाप जोडणार. तुम्हाला आवाज करून काही येतं की नाही, सर?"

मी म्हटलं, "माझीही नोकरी आहे, ताई."

"आहे नं. मी कुठं म्हटलं नाही म्हणून?" त्या म्हणाल्या. "पॅकिंगची मला लाज नाही. डबे भरणं म्हणजे काही चोरी नाही. पण त्या कागदावर सही केली, मतलब त्या सहा पोरी जन्मभर समजणार की यात तपासायचं काही नसतंच. त्यांची बोटं आंधळी राहतील. सही मी करत नाही. जा. थांबा, मटारची कचोरी खाऊन जा."

अपमान आणि कचोरी एकाच ताटात वाढायची इंदुरातच रीत असावी. दोन्ही गरम होते. मी दोन्ही खाल्लं.

सोमवारी शैलजाताई पॅकिंगला गेल्या नाहीत. आल्या आणि आपल्या जागेवर बसल्या. पुष्कर येताना दिसले तशी त्यांनी हाक मारली.

"अस्मिता, तपासणीत पास झालेली दहा कोरी कडी आण. तुझ्या मनानं निवड."

अस्मितानं ती आणली. शैलजाताईंनी डोळे मिटले. वरती कॅमेरा इमानदारीनं 'रिकाम्या' असं लिहीत होता, आणि समोरच्या टीव्हीवर त्यांचे गुण साठावरून अठ्ठावन्नावर, अठ्ठावन्नावरून चोपन्नावर उतरत होते. सगळे तो टीव्ही बघत होते.

मग मी उठलो. टीव्हीची एक वायर काढली, माझ्या लॅपटॉपची लावली. गुण गेले आणि भिंतीवर शैलजाताईंचा अंगठा आला, माणसाएवढा, एकेका खाचेवरून फिरणारा. सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत बोललो. "ये ग्यारह सेकंड मैंने काटे थे. मॅडम ने नहीं." साताऱ्याच्या माणसाची हिंदी, पण त्या दिवशी कुणी हसलं नाही.

शैलजाताईंनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. दहांतली तीन कडी त्यांनी बाजूला ठेवली होती. अस्मिताचा अंगठा धरून एका खाचेवर ठेवला.

"लागला काटा?"

"नाही."

"परत."

"नाही लागत, ताई."

"टीव्हीकडे काय बघते? डोळे मीट."

अस्मितानं डोळे मिटले. सगळं खातं थांबलं होतं. कुणीतरी शिंक दाबली.

"अरे! आहे! ताई, आहे!" तिचा चेहरा असा, जसं काही अंधाऱ्या खोलीत कुणीतरी ओळखीचं भेटलं.

पुष्करना राहवलं नाही. त्यांनी ते कडं ओढून घेतलं, अंगठा जोरात फिरवला आणि "आई गं!" म्हणून तोंडात घातला. आयुष्यात पहिल्यांदा डेटा असा थेट हाती आला होता, पण बोलायला तोंड मोकळं नव्हतं.

"कानस देऊ का?" शैलजाताईंनी विचारलं.

तो कागद बिनसहीचा परत गेला. वरून मला एक लेखी समज आली. ती मी फाइलला लावली आहे, आणि माझ्या सगळ्या प्रमाणपत्रांत तेवढी एकच मला पूर्ण खरी वाटते. शैलजाताई वाइंडिंगमध्येच आहेत. फाटकावरचा फोटो त्यांनी स्वतः उतरवायला लावला. कॅमेरा मात्र काढू दिला नाही. पुष्कर काढायला आले तर म्हणाल्या, "असू दे. माझं तोंड काय बघतो? खाच बघायला लावा त्याला, कामी तरी येईल." तसं केलं. आता तो कड्यांकडे बघतो आणि दहांतले दोन-तीन काटे त्यालाही दिसतात. "शिकतोय बिचारा," त्या म्हणतात. "त्याला अंगठा नाही, त्याचा काय दोष?"

टीव्हीवरचे गुण अजून येतात, ते हेड ऑफिसनं बंद केलेले नाहीत. शैलजाताई अजून सर्वांत खाली आहेत. अस्मिता सत्त्याण्णववरून घसरून सदुसष्टवर आली आहे, खालून दुसरी. गेल्या आठवड्यात तिनं त्या टीव्हीसमोर उभं राहून फोटो काढून घेतला.

परवा मी पुन्हा कॅमेरा घेऊन गेलो. शैलजाताई मांडीवर कडं घेऊन, डोळे मिटून बसल्या होत्या. मी आता शिकलो आहे. अकरा सेकंद उभा राहिलो. डोळे उघडल्यावर म्हटलं, "ताई, नवा व्हिडिओ करू. या वेळी एक सेकंद कापणार नाही, शप्पथ. तुम्हीच सांगा, किती लांबीचा ठेवू?"

त्यांनी कानस उचलली आणि म्हणाल्या, "पंधरा दिवसांचा."