फुकटच्या जहाजावरची दुसरी खुर्ची

मशीनवाल्या काकांचं दुकान जिन्याखाली आहे. शटर पूर्ण वर जात नाही, त्यामुळे गिऱ्हाईक आत शिरतं तेच मान झुकवून, आणि काकांना ते गैर वाटत नाही. शिलाई मशीन फळीवर ठेवून माणूस तक्रार सांगायला लागला, की काका हात वर करतात. "तुम्ही थांबा. तिला बोलू द्या." मग तळहाताने चाक फिरवतात, कान खाली नेतात, आणि डोळे अर्धवट मिटून घेतात. शेजारचा सायकलवाला म्हणतो की एवढ्या प्रेमाने काकांनी काकूंचंही कधी ऐकलं नसेल. काकूही तेच म्हणतात, फक्त त्यांच्या सुरात विनोद कमी असतो.

काकू वरच्या खोलीत कपडे शिवतात. त्यांचं लग्न मशीनमुळेच झालं. मुलीच्या मशीनचा दोरा तुटतो म्हणून काकूंच्या वडिलांनी तेव्हाच्या या तरुण कारागिराला बोलावलं. तो आला, दोरा नीट करून गेला. पुढच्या आठवड्यात तेल बघायला आला. मग पट्टा बघायला. मग नुसताच बघायला. अखेर वडिलांनी विचारलं, "मशीनमध्ये बिघाड तरी काय आहे?" काका म्हणाले, "अजून सापडला नाही." वडील समजून चुकले. ती मशीन आजही चालते आणि तिला कधीच काही झालेलं नाही. ही गोष्ट काकू गिऱ्हाइकाचं माप घेताना सांगतात, म्हणजे ऐकणाऱ्याला पळता येत नाही.

अशा या सरळमार्गी जोडप्याचा जुगाराशी संबंध आला तो मुलीमुळे. ती औषधांच्या कंपनीत आहे. विक्रीचं बक्षीस म्हणून तिला दोघांसाठी जहाजाची सफर मिळाली. तिला रजा मिळाली नाही, म्हणून तिने आईबाबांना पाठवलं. खोली बिनखिडकीची होती. भिंतीवर पडदा मात्र होता, आणि पडद्यामागे पुन्हा भिंत. काकू रोज सकाळी सवयीने पडदा सारायच्या, भिंत बघायच्या आणि परत ओढायच्या.

काकांची पंचाईत वेगळी होती. त्यांच्या हातांना काम नव्हतं. न्हाणीघरातला नळ त्यांनी पहिल्याच दिवशी घट्ट केला, टॉवेलची दांडी दुसऱ्या दिवशी. मग त्यांना कॅसिनो सापडला. खरं तर कॅसिनोलाच ते सापडले, कारण जेवणघराची वाट त्यातूनच जात होती. जहाज बांधणाऱ्यांना भुकेची वाट कुठून न्यावी हे बरोबर कळतं.

तिथल्या जुगाराच्या सगळ्या मशीन पडद्यावरच्या चित्रांच्या होत्या. कोपऱ्यातली एकच जुनी, खऱ्या चाकांची. तिच्या फटीत कुणाचं तरी विसरलेलं कार्ड खुपसलेलं होतं आणि त्याची लवचिक दोरी टोकाच्या चिमट्यासकट लोंबत होती. काका तिच्याजवळून जाताना मधूनच "खट्" असा आवाज आला. मधलं चाक, काकांनी मनात नोंदवलं. ते उभे राहिले. तिथला सेवक आला आणि नम्रपणे म्हणाला, की नुसतं उभं राहता येत नाही, खेळावं लागतं. त्याने विसरलेलं कार्ड काढून नेलं आणि काकांना तसंच नवीन दिलं. ते काकांनी त्याच फटीत खुपसलं आणि दोरी लोंबू दिली.

आता मशीन तपासायची तर जाड कापडावर तपासायची, हा काकांच्या धंद्यातला पहिला नियम. पातळ कापडावर कुठलीही मशीन गोड बोलते. म्हणून त्यांनी प्रत्येक वेळी सर्वांत मोठा डाव लावला. थोडं गेलं, थोडं आलं, आलेलं पुन्हा आत गेलं. उरलेली सफर ते काचेला कान लावून, मधूनच येणारा तो आवाज ऐकत बटण दाबत बसले. नशिबाने गेले ते एका चांगल्या बुटाच्या जोडाचे पैसे. पण कॅसिनोचा संगणक माणसाच्या मनात काय आहे ते मोजत नाही आणि खिशातून काय गेलं तेही नाही. तो कार्डावरून मोजतो किती लावलं. तीच नोट आत-बाहेर फिरत राहिली आणि दर फेरीला नव्याने मोजली गेली. घरी परतेपर्यंत त्या हिशेबात काका मोठे कारखानदार झाले होते.

काही दिवसांनी दुकानात फोन आला. आवाज मधाळ होता. "सर, आपण आमचे सुवर्ण सदस्य झाला आहात."

"मशीन कुठल्या कंपनीची?" काका म्हणाले.

गैरसमज दूर व्हायला थोडा वेळ लागला. मग काका रिसीव्हरवर हात ठेवून जिन्याकडे तोंड करून म्हणाले, "अगं, त्याच जहाजावर बोलावतायत. बाल्कनीची खोली. फुकट."

वरची मशीन थांबली. "बाल्कनीत खुर्च्या किती, विचारा."

काकांनी विचारलं. दोन होत्या.

काकूंना काय हवं होतं ते त्यांनी त्या संध्याकाळी सांगितलं. त्यांच्या घरातही दोन खुर्च्या आहेत, पण दुसरीवर कायम लोकांची कापडं. चहा काकू मशीनवर पितात, काका दुकानात. इतक्या वर्षांत दोघांनी एका वेळी, समोरासमोर, कप रिकामा होईपर्यंत चहा घेतलेला काकूंना आठवत नव्हता. "सकाळी तिथे बसायचं," काकू म्हणाल्या. "समोर पाणी. तुम्हाला हाक मारायला कुणी नाही. एक चहा पूर्ण प्यायचा. मला आणखी काही नको."

"एवढंच ना?"

"तुम्हाला एवढंसुद्धा जमतंय का बघू."

मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, फुकट कुणी काही देत नाही."

"मी सुवर्ण सदस्य आहे."

"मग त्या सोन्याला सांगा तुमचं मोडकं शटर बदलून द्यायला."

खोली खरोखरच फुकट होती. खोलीपर्यंत पोहोचायचे, खोलीत राहायचे आणि खोलीतून बाहेर पडायचे पैसे होते. बंदराचे कर होते, ते आगाऊ. दर डोई दर दिवशीचं सेवाशुल्क होतं, ते सेवा घ्या अथवा घेऊ नका. एका संध्याकाळी कोट सक्तीचा होता, तो काकूंनी पडद्याच्या उरलेल्या कापडातून शिवला आणि काका त्यात बऱ्यापैकी खिडकीसारखे दिसले. पेयं मोफत होती, पण मशीनपाशी बसलात तरच. तेच सरबत खोलीत मागवलं की त्याचं बिल. खोलीतल्या पाण्याच्या बाटलीच्या गळ्यात एक नाजूक चिठ्ठी होती. काकूंनी ती वाचली आणि बाटली जशीच्या तशी, दोन्ही हातांनी, परत ठेवली.

पण बाल्कनी होती. दोन खुर्च्या होत्या. पहिल्या सकाळी काकूंनी दोन कप चहा आणवला आणि काका बसणार, एवढ्यात दारावर टकटक झाली. ब्लेझर घातलेली एक मुलगी उभी होती. तिने काकांच्या शर्टाला सोनेरी दोरीचं नवं कार्ड स्वतःच्या हाताने चिमट्याने अडकवलं आणि म्हणाली, "बंधन काही नाही हं सर. फक्त थोडी खेळाची अपेक्षा असते."

इथे घोटाळा झाला. काकांनी आयुष्यात कुणाचं फुकट घेतलं नव्हतं. सायकलवाल्याकडून हवा भरली तरी ते त्याच्या कात्रीला धार लावून देतात. अपेक्षा हा शब्द त्यांनी कामाचा सांगावा म्हणून ऐकला.

"येतोच," काका म्हणाले. हा शब्द ते गिऱ्हाइकांनाही सांगतात.

कॅसिनो उघडला की काका हजर. चष्मा पुसायचा, रुमाल मांडीवर, कार्ड फटीत, त्याच कोपऱ्यातल्या मशीनसमोर. त्यात आणखी एक भर पडली. मागच्या खेपेचा आवाज आता येतच नव्हता. ज्यांनी कधी दुरुस्तीचा धंदा केला नाही, त्यांना यात आनंद वाटेल. कारागिराला ठाऊक असतं, की दुकानात आणल्यावर गप्प बसणारा बिघाड सर्वांत वाईट. काकांनी मोठे डाव चालू ठेवले आणि आवाजाची वाट बघत बसले. मधल्या काळात एका नव्या शिलाई मशीनचे पैसे गेले, मग बहुधा मोटारीसकट मशीनचे. जहाज बंदराला लागलं की कॅसिनो बंद, असा नियम होता. त्या दिवशी काकू खुश झाल्या. काका मात्र बंद दाराशी दोनदा जाऊन आले, सहज, बघायला.

शेजारच्या मशीनवर एक टोपीवाले गृहस्थ असायचे. कित्येक वर्षांत त्यांनी खोलीचे पैसे भरले नव्हते. "घर विकून टाकलं," ते काकांना म्हणाले. "ठेवायचं कशाला? इथे फुकट राहायला मिळतं." काकांनी जेवताना हे मोठ्या कौतुकाने काकूंना सांगितलं.

"आणि त्यांची बायको?" काकूंनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी काका उत्तर घेऊन आले. "ती किनाऱ्यावर असते म्हणाले."

"कुठल्या?"

"ते त्यांनाही नक्की आठवलं नाही."

काकूंनी दुसऱ्या खुर्चीवर ओला टॉवेल वाळत टाकला. घरी कापडं असतात, इथे टॉवेल. शेवटच्या दिवशी दुपारी त्या बाल्कनीत गेल्या तर टॉवेल कठड्यावर, आणि खुर्ची गायब. खोली आवरणाऱ्या पोऱ्याने समजावून सांगितलं, "बाई, शेजारी तिघं आहेत, त्यांना एक कमी पडत होती. तुमची रिकामीच असते, म्हणून मी तिकडे दिली."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. काकूंना राग येईना, म्हणून तर त्या उठल्या आणि सबंध सफरीत पहिल्यांदा कॅसिनोत गेल्या.

काका काचेला कान लावून बसले होते. ब्लेझरवाली मुलगी मागे उभी राहून सांगत होती, की सर, आणखी थोडंसं, मग पुढची सफरही पक्की.

"अहो," काकू म्हणाल्या, "तुमची खुर्ची शेजाऱ्यांना दिली."

"कुठली?"

"बाल्कनीतली. तुम्ही बसत नाही म्हणून."

"असू दे गं. पुढच्या वेळी दोन्ही मागून घेऊ."

"या वेळचा चहा?"

काकांनी बटण दाबलं. चाकं फिरली, थांबली, आवाज आला नाही. "मधल्या चाकात काहीतरी आहे बघ. अजून सापडलं नाही."

"हे मी ऐकलंय," काकू म्हणाल्या. "माझ्या वडिलांसमोर म्हणाला होतात. तेव्हाही मशीनमध्ये काही नव्हतं."

काका जरा लाजले. या वयात माणूस लाजला की कान आधी लाल होतात. "तेव्हा मशीनपलीकडे तू होतीस."

"आणि आता मी कुठे आहे?"

टोपीवाल्यांनी स्वतःचं बटण दाबायचं थांबवलं. काकांनी मशीनकडे पाहिलं, ब्लेझरवालीकडे पाहिलं, आणि ते उभे राहिले. चार पावलं गेले असतील, तोच शर्ट मागे ओढला गेला. सोनेरी दोरी ताणून तिची वेटोळी सरळ झाली होती आणि दाव्याला बांधलेल्या जनावरासारखे काका जागीच थबकले. काकू पुढे झाल्या. शर्टाची गुंडी त्यांनीच लावली होती, ती तुटू नये म्हणून एका हाताने धरली आणि दुसऱ्याने चिमटा दाबला. दोरी सुटून सपकन मागे गेली, लोंबकळली, जहाज किंचित कललं आणि चिमटा मशीनच्या लोखंडी पोटावर आपटला.

खट्.

काकांनी डोळे मिटले. जहाज पुन्हा कललं. खट्. त्यांनी डोळे उघडले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर निदान झाल्याचं समाधान होतं आणि लगोलग बिल आठवल्याचं दुःख.

"दोरी," ते म्हणाले. "मागच्या वेळी ती नुसती लोंबत होती. या वेळी माझ्या शर्टाला होती, म्हणून आवाज नव्हता."

"म्हणजे मशीन चांगली आहे?" काकूंनी विचारलं.

"उत्तम आहे."

"मग चला."

"सर, कार्ड," ब्लेझरवाली म्हणाली.

"लोंबू द्या," काका म्हणाले. "कुणी आवाजाबद्दल विचारलं, तर आता तुम्हाला सांगता येईल."

शेजाऱ्यांच्या तिन्ही खुर्च्यांवर माणसं बसलेली होती, तेव्हा खुर्ची मागणं बरं दिसलं नसतं. काकांनी आरशापुढचं स्टूल बाल्कनीत आणलं. ते बुटकं होतं, त्यामुळे त्यांना कठड्याचे गज तेवढे दिसत होते आणि समुद्र कसा आहे ते काकूंना सांगावं लागत होतं. काकूंनी सांगितलं. चहा पूर्ण झाला. दुसऱ्या सकाळी पुन्हा बसले, तेव्हा जहाज बंदराला लागत होतं. समोर पाण्याऐवजी माल चढवणारी भलीमोठी क्रेन होती आणि ती फिरताना वाईट किरकिरत होती. काकांची मान वळली. काकूंनी कप ओठांशी तसाच धरून त्यांच्याकडे पाहिलं. काकांनी मान परत आणली आणि बशीत सांडलेला चहासुद्धा प्यायला.

घरी मुलीने सगळी बेरीज केली आणि सांगितलं की एवढ्यात खोली दोनदा विकत मिळाली असती, आणि पाण्याची बाटलीही. काका म्हणाले, बिघाड सापडला ते महत्त्वाचं. सुवर्ण सदस्याला त्या हिवाळ्यात जुन्याच कोटावर भागवावं लागलं. तो पडद्याचाच.

मधाळ आवाजाचा फोन पुन्हा आला, तेव्हा काका वर चहाला आले होते. दुसऱ्या खुर्चीवरची कापडं आता पलंगावर असतात, आणि पलंगावर कुणी झोपायचं म्हटलं की परत खुर्चीवर येतात. पण चहाच्या वेळी खुर्ची मोकळी असते. फोन काकूंनी घेतला. या वेळी आणखी मोठी खोली होती, बाल्कनीला वळसा होता, आणि सगळं मोफत होतं.

"मोफत नको बाई," काकू म्हणाल्या. "आम्हाला झेपत नाही. विकत कितीला पडते ते सांग."

हा प्रश्न फोनवरच्या त्या मुलीला आजवर कुणी विचारला नसावा. वरिष्ठांना विचारून सांगते म्हणाली आणि तिने फोनमध्ये वाजंत्री लावून दिली. काकूंनी फोन टेबलावर ठेवला. ते संगीत एका ठरावीक जागी येऊन दर वेळी किंचित अडखळत होतं. काकांच्या ते लक्षात आलं.

"अहो," काकू म्हणाल्या, "चहा घ्या."

काकांनी घेतला.