रजूचा पासवर्ड मी बदलला

भूत, मुंजा, चकवा असलं काही सांगणाऱ्याची मी तोंडावर खिल्ली उडवत आलो. आजही उडवीन. फक्त ही एक गोष्ट सोडून... कारण ही माझ्याच हातून घडली.

आम्ही हिंगणघाटचे. मी कापसाच्या जिनिंगमध्ये क्लार्क. धाकटी बहीण रजू २००६ मध्ये काविळीनं गेली, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. आम्हा दोघांनाही एकमेकांच्या पानावर स्क्रॅप, म्हणजे निरोप, लिहायच्या त्या साईटचं भारी वेड. आमचे आयडी बसस्टँडजवळच्या सुधाभाऊच्या कॅफेत निघाले. सुधाभाऊ सगळं स्वतःच काढून द्यायचा, आणि पासवर्ड विसरल्यावरच्या गुप्त प्रश्नाचं उत्तर सगळ्यांचं एकच टाकायचा, स्वतःच्या गावाचं नाव — आंजी. लोक उत्तर विसरतात अन् मग मलेच त्रास, म्हणायचा.

ती गेल्यावरच्या दिवाळीत मला राहवलं नाही. रजूच्या पानावर लिहिलं, आई नीट जेवत नाही. पुढच्या रविवारी पाहतो तर माझ्या पानावर उत्तर! रजूच्या नावानं, इंग्रजी अक्षरांत तिचीच बोली — 'तिले कण्या करून देजो, ताकासंगं खाईल.'

माझं डोकंच सणकलं. कोण हलकट मस्करी करतो म्हणून चार शिव्या हासडल्या. पण घरी आईला ते सांगून बसलो, आणि त्या दिवशी आई पोटभर कण्या जेवली. मग दर रविवारी मी कॅफेतून आलो की ती दारातच उभी. काय लिहिलं, पुन्हा वाच, सावकाश वाच. आठवडाभर ती त्यावरच जगायची.

वर्षभरानं एकदा आलं — 'आई देवाजवळ दिवा दोन-दोनदा लावून राह्यली. डॉक्टरले दाखवजो.' घरात राहून मला हे दिसलं नव्हतं. सकाळी लक्ष ठेवलं... खरंच दोनदा लावला.

आता मात्र घाबरलो. सरळ सुधाभाऊला धरलं. तो बिचारा रडकुंडीलाच आला. "मी काऊन करीन असं, भाऊ? रजू मले पोरीसारखी होती." मग त्यानंच सुचवलं, गुप्त उत्तर अर्ध्या गावाला माहीत आहे, तू तिचं प्रोफाईल रिकव्हर कर, पासवर्ड बदल, जो कोणी असेल तो आपोआप बाहेर. मी 'आंजी' टाकलं, पासवर्ड बदलला, गुप्त उत्तरही बदललं. मोठा शहाणा मी!

आत गेलो. तिथं शेवटचं लॉगिन दिसायचं. रजूला दवाखान्यात भरती केलं, त्याच्या आदल्या दिवसाचं होतं. त्यानंतर आत कोणी आलंच नव्हतं. आणि माझ्या पानावर तिची वर्षभराची उत्तरं तशीच होती.

त्या रविवारपासून एकही स्क्रॅप आला नाही. मी गुप्त उत्तर परत 'आंजी' केलं. जुना पासवर्ड परत टाकावा, तर तो कोणालाच ठाऊक नव्हता. शेवटी नवा पासवर्ड तिच्याच पानावर लिहून ठेवला, सगळ्या जगाला दिसेल असा. कोणी आलं नाही.

ते कोण होतं, मला आजही सांगता येत नाही. जे होतं त्याला मी बाहेर काढलं, एवढं कळतं.

आई आता बरंच विसरते, कधी मलाही. रविवार तेवढा विसरत नाही. दारात येऊन विचारते, "रजूनं काई लिवलं का रे?" मी म्हणतो, लाईट नव्हती, आई, कॅफे बंद होता.

"बरं," म्हणते. "लाईट आली का पुन्हा जाऊन येजो."