चहा न विचारणारं घर

आत्या गेल्याचं तिच्या शेजारणीनं फोन करून कळवलं, तेव्हा मी बर्मिंगहॅमला ऑफिसच्या बसमध्ये उभी होते. झोपेतच गेली. शेजारीण बिचारी पुन्हा पुन्हा सॉरी म्हणत होती आणि मीच तिची समजूत घालत होते. पुढच्या स्टॉपवर उतरले आणि तिथेच उभी राहिले. आता महिना उलटून गेलाय. लंडनजवळच्या पिनरमधल्या तिच्या फ्लॅटची किल्ली अजून माझ्याकडेच आहे. इथली मराठी मंडळी भेटली की हळहळतात, आणि मग हसू दाबत कोणीतरी म्हणतंच, "पण नलूताईंकडे चहा काही मिळाला नाही हो कधी!" पूर्वी या वाक्याला मीही हसायचे. आता ते ऐकलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

नलिनीआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिचं घर लख्ख असायचं. तुम्ही गेलात की ती प्रेमानं बसवून घेणार, मुलाबाळांची चौकशी करणार, सफरचंद कापून पुढे ठेवणार, निघताना डबाही भरून देणार. पण चहाचं नाव नाही. पाण्याचा ग्लास मात्र लगेच यायचा. तिच्या घरात मग एकच होता, आणि त्यातून ती सकाळी एकटी असताना चहा प्यायची. अख्खं आयुष्य बाहेर काढलं तरी बाईतलं पुणं काही गेलं नाही, असं गणपतीच्या कार्यक्रमात तिच्यासमोरच बोलायचे लोक. ती गालातल्या गालात हसायची आणि खुर्च्या लावायला निघून जायची. आम्हाला वाटायचं, बाई मनाला लावून घेत नाही.

तिची बाकीची कहाणी आम्हाला ठाऊक होती, म्हणजे ठाऊक आहे असं आम्ही समजत होतो. पुण्यात शिकायला आलेल्या बेहरूज नावाच्या इराणी मुलाशी तिनं घरच्यांचा विरोध पत्करून लग्न केलं आणि तेहरानला गेली. तिकडे शाहांविरुद्ध क्रांती झाली तेव्हा बेहरूजकाका रस्त्यावर उतरून घोषणा देणाऱ्यांत होते. आपलं सरकार आलं म्हणून त्यांनी मोहल्ल्यात मिठाई वाटली होती. ते कॉलेजात शिकवायचे. पुढे त्याच सरकारच्या सुरक्षा दलाचे लोक त्यांच्या विद्यार्थ्यांना उचलून नेऊ लागले. काकांनी कॉलेजात उभं राहून विचारलं, आमची मुलं कुठे आहेत? मग त्यांनाही निरोप आला, की सांभाळून राहा. ते मित्रांकडे राहू लागले. एके दिवशी त्यांनाही नेलं. काही महिन्यांनी आत्याला तुरुंगाच्या फाटकाशी बोलावून त्यांचे कपडे आणि चष्मा हातात ठेवला. ना खटला, ना कबर. कपडे घडी केलेले होते, असं ती सांगायची. पुढे इंग्लंडला आल्यावरही एवढं सांगून झालं की विषय बदलायची.

त्या काळात इराणात नाहीशा झालेल्या माणसांच्या घरच्यांचे जबाब इथे लंडनमध्ये काही लोक नोंदवून घेतात. त्यांच्यातली नर्गिस आत्याच्या कितीतरी वर्षं मागे लागली होती. नर्गिसचे वडीलही तसेच गेलेले. काकांना नेणाऱ्यांचे चेहरे पाहिलेली आत्या ही एकटीच हयात होती. तिनं सांगितलं नाही, तर काका निव्वळ घर सोडून निघून गेलेला माणूस ठरणार होते. तिथलं सरकार तसंच तर म्हणत होतं. तरी आत्या नाहीच म्हणायची. गेल्या ऑटममध्ये तिनं अचानक फोन केला, "मी बोलते म्हणावं. तू येशील ना बरोबर?"

जबाब नोंदवायचा हॉल साधाच होता. कोपऱ्यात किटली, बिस्किटं. आत्या ताठ बसून बोलली. तिघांचे चेहरे, एकाच्या भुवईवरचा व्रण, गाडीचा रंग, फाटकाशी 'इथे रडायचं नाही' म्हणून दरडावणारा कारकून... सगळं सांगितलं. मला तिचा फार अभिमान वाटला. शेवटी नर्गिसनं हलक्या आवाजात विचारलं, ते तर मित्राकडे राहत होते, मग त्या दिवशी घरी कसे आले? आत्यानं पाण्याचा घोट घेतला आणि माहीत नाही म्हणाली. नर्गिसनं मान खाली घातली आणि पुढे काही विचारलं नाही.

परतताना मेट्रोपॉलिटन लाइनच्या ट्रेनमध्ये आम्ही दोघी शेजारी बसलो होतो. वेम्बली स्टेशन गेलं आणि आत्या खिडकीकडे बघत मराठीत म्हणाली, "तेवढं खोटं बोलले मी."

ते तिघं भर दुपारी आले होते. दारात बूट काढून, सलाम करून आत आले. एक म्हणाला, मी सरांचा विद्यार्थी. सर नाहीत म्हटल्यावर, थांबतो म्हणाले आणि सतरंजीवर मांडी घालून बसले. पोरंच होती. बूट काढून घरात येणाऱ्या माणसाबद्दल तिच्या मनात शंका आली नाही. आलेल्याला कोरडं कसं बसवायचं, म्हणून तिनं दूध, आलं घालून आपल्यासारखा चहा केला. तिकडे असला चहा पीत नाहीत, पण पोरांनी हसत हसत प्यायला. वेळ जाऊ लागला. पोरं बिचारी ताटकळलेली, आपण नुसतं बसवून ठेवलंय... तिला अवघडल्यासारखं झालं. तिनं आतून काकांना मित्राच्या घरी फोन केला.

"मी त्याला म्हटलं, तुझे विद्यार्थी आलेत रे, कधीचे बसलेत. ये लवकर, बरं दिसत नाही." आत्या थांबली. "बरं दिसत नाही म्हणून मी त्याला बोलावलं गं."

काका दारात आले, त्या तिघांना पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. तिला एका शब्दानं बोलले नाहीत. बसले, तिनं पुढे केलेला कप घेतला, सावकाश संपवला आणि पुण्यात शिकलेल्या मराठीत म्हणाले, "चहा छान झालाय." मग त्या तिघांबरोबर निघून गेले.

मी आत्याचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला. पिनर आलं म्हणाली आणि उठली.

गेल्या आठवड्यात नर्गिस फ्लॅटवर भेटायला आली. मी आत्याचे स्वेटर पिशव्यांत भरत होते. बोलता बोलता मी तिला ते सांगून टाकलं. सांगायचा मला अधिकार होता का, कोण जाणे. पण काकांबद्दलच्या जबाबातली ती जागा रिकामी राहू नये असं वाटलं.  नर्गिस इंग्लिशमध्ये म्हणाली, की आमच्याकडे आलेल्या त्या लोकांना माझ्या आईनं जेवायला वाढलं होतं, आणि दुकानात फोन करून बाबांना तिनंच बोलावलं. ते लोक असेच येऊन बसायचे, पाहुण्यासारखे. घरातल्या बाईकडूनच माणसाला बोलावून घ्यायचे, ती त्यांची रीतच होती. जबाब देताना कितीतरी बायका नेमक्या तिथेच अडखळतात.

"हे आत्याला का नाही सांगितलंस?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"आईची लाज वाटत होती," ती म्हणाली.

त्या हॉलमध्ये एका टेबलाच्या दोन बाजूंना दोघी बसल्या होत्या, एकच गोष्ट पोटात घेऊन. ज्यांनी लाजायला हवं होतं ते कुठेतरी नातवंडं खेळवत असतील, पेन्शन खात असतील. आणि लाज मात्र चहा करणाऱ्या बायकांनी जन्मभर बाळगली. आत्याकडे चहा मिळत नाही म्हणून आम्ही हसत होतो... याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

मी उठून पाणी उकळायला ठेवलं. आलं नव्हतं, दूध येताना मीच आणलेलं होतं. नर्गिसला आत्याचा मग दिला, मी पाण्याच्या ग्लासातून घेतला. आत्याच्या या घरात पाहुण्याला दिलेला तो पहिला चहा. नर्गिसनं दोन्ही हातांनी मग धरून तो सावकाश संपवला. कसा झालाय, हे मात्र मी तिला विचारलं नाही.