कुजबुजे आणि भिंतीतलं भोक

त्यांचं खरं आडनाव विजेच्या बिलावर आहे. नाट्यगृहात सगळे त्यांना कुजबुजे म्हणतात, आणि हे आडनाव इतकं रुळलंय की एका लग्नपत्रिकेवर चक्क 'श्री. व सौ. कुजबुजे' असं लिहून आलं होतं. सौंनी पत्रिका आणणाऱ्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

कुजबुजे प्रॉम्प्टर आहेत. नट वाक्य विसरला की ते त्याच्या कानापर्यंत पोचवायचं आणि पहिल्या रांगेच्या कानापर्यंत पोचू द्यायचं नाही, हे त्यांचं काम. एकतीस वर्षं करतायत, तेही हौसेखातर. पोटासाठी चष्म्याच्या दुकानात नोकरी आहे. तिथे ते आधी डोळे तपासायला होते. गिऱ्हाईक तक्त्याच्या खालच्या ओळीशी अडखळलं की यांच्या तोंडून पुढचं अक्षर हलकेच निसटायचं. गिऱ्हाईक खूश! वर्षभरात अर्धं गाव चुकीच्या नंबरचे चष्मे लावून खांबांना नमस्कार करायला लागलं, तेव्हा मालकाने कोपरापासून हात जोडले आणि त्यांना फ्रेमच्या दांड्या बसवायला धाडलं.

नाट्यगृहात मात्र त्यांची जागा कुणी हलवली नाही. रंगमंचाच्या डाव्या भिंतीत, विंगेच्या जरा पुढे, दोन विटांएवढं भोक आहे. भिंतीपलीकडे स्टुलावर बसलं की त्यातून नटाचा गळा दिसतो. "वाक्य आधी गळ्यात अडकतं," कुजबुजे सांगतात. "विसरलोय हे नटाला कळायच्या आत मला कळतं."

ही इमारत शंभरी ओलांडलेली. लाकडी सज्जा, चुन्याच्या भिंती, आणि पावसात प्रेक्षकांसकट भिजणारं छप्पर. ती जुन्या इमारतींच्या यादीत गेली आणि दुरुस्तीसाठी एक वास्तुतज्ज्ञ बाई आल्या. बाई कामाला वाघ. रंगाचे सात थर खरवडून त्यांनी मूळचा हिरवा शोधला. सज्ज्याच्या कठड्याचा एकेक दांडा नंबर टाकून उतरवला आणि त्याच नंबराने परत बसवला. "दातांचा डॉक्टरसुद्धा इतक्या मायेने दात काढत नाही," असं लोक म्हणायचे, तेही आमच्या मुख्य नटासमोर, जे स्वतः दातांचे डॉक्टर आहेत. दोन वर्षांनी दारं उघडली तेव्हा चेष्टा करणाऱ्यांचीही तोंडं बंद झाली. सभागृह नव्या नवरीसारखं नाही, तर सुखाने म्हाताऱ्या झालेल्या बाईसारखं दिसत होतं.

कुजबुजे पहिल्या तालमीला स्टूल घेऊन गेले आणि थबकले. भोकाला काच लावलेली. आत छोटा दिवा. शेजारी पाटी: 'मूळ बांधकामातील संदेश-झरोका. कृपया हात लावू नये.'

झालं होतं असं, की बाईंनी व्यवस्थापकांना विचारलं, हे भोक कधीचं? व्यवस्थापकांना माहीत नव्हतं, पण माहीत नाही असं म्हणायची त्यांना सवय नाही. "अहो, इमारतीइतकंच जुनं!" ते म्हणाले.

खरी गोष्ट कुजबुजेंच्या घरात दोघांनाच ठाऊक होती. ते भोक त्यांनी स्वतः पाडलं होतं. एकतीस वर्षांपूर्वी, रविवारी दुपारी, शेजारच्या नळवाल्याची छिन्नी आणून. विटांचे तुकडे सौंनी पिशवीतून बाहेर नेले होते.

"आता काय करू गं?" त्यांनी घरी येऊन विचारलं.

"करायचंय काय? काचेआड आरामात राहील तुमचं भोक. तुम्ही बाहेर बसा."

"मग उपयोग काय त्याचा?"

"तर मग सांगा जाऊन. पण पिशवी मी धरली होती हे सांगाल तर याद राखा."

दुसऱ्या दिवशी ते बाईंसमोर उभे राहिले. "मॅडम, तो झरोका नाहीये. भोक आहे. मी पाडलंय."

बाईंनी चष्मा वर सरकवला. "तुम्ही?"

"कडा बघा ना. सगळीकडे चुना, आणि तिथे सिमेंट. माझाच हात आहे तो, वाकडा."

"सिमेंट दिसलं होतं मला. वाटलं, मागाहून कुणी डागडुजी केली असेल." बाईंनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. "काका, अशी नंतरची मोडतोड मला बुजवावी लागते. एकच वाट आहे. इमारतीच्या वापराला ती खरोखर गरजेची असेल, तर तसा शेरा मारून ठेवता येते. पण गरज मला दिसायला हवी."

"शनिवारी प्रयोग आहे. या."

शनिवारी काच निघाली. बाई पाचव्या रांगेत बसल्या, मांडीवर वही. कुजबुजे स्टुलावर, मांडीवर संहिता, जी त्यांना बघावी लागत नाही.

डॉक्टर पहिल्या अंकात दोनदा अडले. कुजबुजेंनी दोनदा वाक्य पोचवलं. दुसऱ्या अंकात एकदा. तिसऱ्या अंकात, बापलेकाच्या भांडणात, डॉक्टरांचा गळा पुन्हा अडकला, आणि कुजबुजेंच्या मनात आलं, की या खेपेला गप्प बसावं. लटकू दे जरा. बाईंना दिसेल तरी. त्यांनी ओठ मिटले. एक क्षण गेला, दोन गेले. डॉक्टरांच्या कपाळावर रंगातून घाम फुटला. तिसऱ्या क्षणाला कुजबुजेंचे ओठ त्यांना न विचारता हलले, आणि डॉक्टर असे गरजले की सज्ज्यातून टाळी आली.

पडदा पडल्यावर बाई रंगपटात आल्या, डोळे पुसतच.

"डॉक्टर, तो विराम! कमाल केलीत. अंगावर काटा आला."

"हां, तो जरा... मुद्दाम घेतला," डॉक्टर आरशात बघत म्हणाले.

बाई कुजबुजेंकडे वळल्या. "काका, मी कान टवकारून बसले होते. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. खरं सांगा, आज किती वेळा सांगावं लागलं? तुम्ही सांगाल तो आकडा मी लिहिणार."

कुजबुजेंनी मान वर केली. डॉक्टर आरशासमोर रंग पुसत होते, पुसून झालेला गालच पुन्हा पुन्हा. नाटकातल्या दोन पोरी वेण्या सोडायच्या थांबल्या. कोण कुठे अडलं हे भिंतीबाहेर न्यायचं नाही, हे कुजबुजेंना कुणी शिकवलेलं नव्हतं. पण एकतीस वर्षांत त्यांनी ते सौंनासुद्धा सांगितलं नव्हतं.

"आज?" ते म्हणाले. "एकदाही नाही."

"मग..." बाईंनी वही उघडली, थोडा वेळ तशीच धरली. "मग मला बुजवावं लागेल, काका."

"बुजवा."

सोमवारी गवंडी आला. जुन्या मापाच्या विटा, चुना, वर तोच हिरवा. कुजबुजे दुपारच्या सुट्टीत जाऊन बघून आले. सांधा कुठे आहे ते त्यांनाही शोधता आलं नाही. "काम चोख आहे," एवढंच त्यांनी घरी सांगितलं. सौंनी त्या दिवशी टोमणा मारला नाही.

आता ते विंगेत उभ्याने प्रॉम्प्ट करतात. येणारी-जाणारी पात्रं त्यांच्या पायांवर पाय देतात, आणि तिथून गळा काही दिसत नाही. पण डॉक्टरांनी आपल्या हालचाली बदलल्यात. वाक्य निसटायला लागलं की ते बोलता बोलता चार पावलं डावीकडे येतात, विंगेला खेटून उभे राहतात आणि मान वर करून गळा पुढे काढतात. दिग्दर्शकाने त्यांना दोनदा टोकलं.

"ही भूमिकेची गरज आहे," डॉक्टर म्हणाले, आणि पुढच्या प्रयोगात पुन्हा डावीकडे आले.