गाणं चालू असताना घंटा

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर बायकोचा उजवा हात तेवढा चालत होता आणि आवाज पार बारीक झाला होता. चंदीगडच्या थंडीत दारं-खिडक्या बंद. मी स्वयंपाकघरात असलो की तिची हाक ऐकू येईना. मी माझ्या संशोधन संस्थेतून लांब रजा घेतली होती. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली टाकली आणि त्याचा रेडिओ केला.

आमच्या कॅसेटमधले अभंग आणि नाट्यगीतं त्यात भरली. सकाळी अभंग, दुपारी नाट्यगीतं, असं वेळापत्रकही लावलं. यंत्र मधल्या खोलीत, एक स्पीकर तिच्या उशाशी, दुसरा स्वयंपाकघरात. वायर वाढवून माउस तिच्या हाताखाली ठेवला. बटण दाबलं की घंटा वाजायची आणि मी जायचो. संस्थेतला एक सहकारी बघून म्हणाला, "यार, तूने तो घर में स्टेशन ही खोल दिया!" हौसेला मोल नसतं. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू?

चाचणीही रीतसर घेतली होती. आधी गाणं, ते बंद करून मग घंटा. एका वेळी एकच गोष्ट तपासायची, ही आमची प्रयोगशाळेतली शिस्त. दोन्ही एकदम लावून पाहावं हे डोक्यात आलंच नाही.

एका दुपारी कुकर लावून मी मटार सोलत बसलो होतो. नाट्यगीतांच्या कॅसेटची अख्खी बाजू संपली आणि घंटा वाजली. लगेच पुन्हा वाजली. मग वाजतच राहिली, नऊ-दहा वेळा तरी. मी धावलो. तिचा हात माउसवर नव्हताच. तोंड भिंतीकडे होतं. चादर ओली होती आणि गार पडली होती.

कारण कळायला वेळ लागला नाही. साउंड कार्ड एका वेळी एकाच प्रोग्रामचं ऐकत होतं. गाण्यानं ते धरून ठेवलं होतं आणि तिनं वाजवलेल्या घंटा मागे रांगेत उभ्या होत्या. मी तिला पुसलं, कपडे बदलले, चादर भिजत घातली. मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, एवढं कळत होतं.

दुसऱ्या दिवसापासून दुरुस्तीला बसलो. दोन्ही आवाज आधी एकत्र करून मग कार्डाला देणारा एक प्रोग्राम मध्ये बसवायचा होता. कधी गाणं रडत चालायचं, कधी घंटा गिळली जायची. इंटरनेटवरून लोकांचे सल्ले उतरवून घेतले, सेटिंग बदलली, यंत्र पुन्हा पुन्हा चालू केलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गाण्यावर घंटा स्वच्छ वाजली.

मी तिच्या खोलीत जाऊन म्हटलं, "दाबून बघ. आता गाणं चालू असतानाही वाजते."

तिनं बटण दाबलं. घंटा वाजली.

"अहो," ती म्हणाली, "गाणं बंदच ठेवा."

"का? आता दुरुस्त झालंय. पक्कं."

"बंद असलं की तुम्ही घरात चालता ते ऐकू येतं."

मी गाणं बंद केलं. तीन दिवस मी तिच्यापासून दहा पावलांवर, यंत्रासमोरच्या खुर्चीत बसून होतो. तिला खाऊपिऊ घालण्यापुरता काय तो उठलो होतो.