कामशेतला चिकन, मला डाळ

सगळा दोष अब्बांचा. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे "पण बापाचीही काहीतरी बाजू असेल" म्हणणाऱ्यांनी इथूनच परत फिरावं.

पोराला मिसरूड फुटली की घरातल्या मोठ्यांना सल्ले फुटतात. माहीत कुणालाच काही नसतं आणि गप्प कुणीच बसत नाही. त्यामुळं असे किस्से साचत जातात, आमच्या दुकानामागं पिसं साचतात तसे. कामशेतच्या बाजारात आमचं चिकनचं दुकान आहे. तेव्हा अब्बा गल्ल्यावर, शाळा सुटली की मी पिशव्या बांधायला, आणि अब्बांचा धाकटा भाऊ, आमचा चाचा, अक्कल वाटायला. चाचा लोणावळ्यात टुरिस्टांची गाडी चालवतो. गाडीत गिऱ्हाईक नसलं की तो डॉक्टर असतो.

*

आठवीत माझा आवाज फुटला. दुकानाचा फोन मीच उचलायचो. एका ढाबेवाल्याचा फोन आला. मी "हॅलो" म्हणालो ते बारीक आवाजात, आणि "किती किलो पाहिजे?" विचारलं ते एकदम घोगऱ्या.

तो म्हणाला, "वहिनी, शेजारी कोण बोलतंय त्यांच्याकडं द्या फोन."

अब्बांना सांगितलं. आवाज असा का होतोय, कधी नीट होईल, एवढंच ऐकायचं होतं मला. अब्बा म्हणाले, "तू फोन उचलत जाऊ नको. ऑर्डर जाती आपली."

*

मग घाम. आंघोळ करून निघालो तरी शाळेपर्यंत बगलेला वास. चाचाचा सल्ला, अत्तर लाव. "लय लाव, कंजुषी करू नको." लावलं. वास गेला नाही, त्याला अत्तराची जोड मिळाली.

माझ्या बाकावर गणेश बसायचा, नाणे मावळातला. दोन दिवस त्यानं सहन केलं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "सम्या, तुझ्या शेजारी बसलं की दुकानात सण हाय का साफसफाई, तेच कळत न्हाई."

*

नववीची परीक्षा झाली आणि छातीत गाठ आली. डाव्या बाजूला, बोराएवढी. नंतर उजवीकडं. कोंबड्यांचा क्रेट उचलताना घासला की कळ जायची. वर छाती पोरीसारखी दिसायला लागली. मला वाटलं कॅन्सर. रात्री झोप नाही. शेवटी चाचाला हळूच सांगितलं, आणि चाचानं भर दुकानात जाहीर केलं.

"भाईजान, पोराला छाती आली. ब्रॉयलर कोंबड्यांना मारतात ती इंजेक्शनं, दुसरं काय."

अब्बांनी शटर अर्धं खाली ओढलं. "हळू बोल. बाहेर गिऱ्हाईक उभं हाय."

आता हेच अब्बा आयुष्यभर गिऱ्हाईकांना सांगत आलेले, की इंजेक्शन वगैरे सगळ्या अफवा आहेत, बिनधास्त खा. गिऱ्हाईकांचा विश्वास बसला होता. त्या दिवशी कळलं, एकट्या अब्बांचाच बसला नव्हता. जेवताना ते अम्मीला म्हणाले, "उद्यापासून ह्याला डाळ दे."

कामशेतला चिकन, मला डाळ.

*

मी अब्बांना म्हणालो, डॉक्टरकडं जाऊ. दवाखाना आमच्या दुकानासमोरच. रस्ता ओलांडला की झालं.

"येडा झालास का? रविवारचं एक किलो नेतो तो आपल्याकडनं. चिकनवाल्याच्याच पोराला असं झालंय म्हटल्यावर उद्या कोण येईल दुकानात?"

मग चाचा मला लोणावळ्याला घेऊन गेला. तिथं हायवेच्या कडेला तंबू ठोकून एक वैद्य बसलेला. त्यानं माझा शर्ट न काढताच मला तपासलं. मीही खूश झालो. त्यानं काळं तेल दिलं. म्हणाला, रोज सकाळी चोळ, पंधरवड्यात सपाट.

जूनमध्ये दहावी सुरू झाली. शाळेचा शर्ट पांढरा. पहिल्या तासाला तेल वर आलं. दोन गोल डाग, नेमके तिथंच. तोवर गोष्ट फक्त घरात माहीत होती. मधल्या सुट्टीपर्यंत दहावीच्या तिन्ही तुकड्यांना कळली.

*

पीटीच्या सरांना बातमी उशिरा लागली, पण लागली. कबड्डीची टीम निवडायची होती. सगळ्यांना शर्ट काढायला लावला. मी उभाच.

"काय रे, तुला काय वेगळं सांगायचं? का मुलींच्या टीममध्ये टाकू?"

पोरं हसली. सर पोरांपेक्षा जास्त हसले. गणेश तेवढा हसला नाही. खाली वाकून तो बुटाची नाडी बांधत बसला. त्याच्या पायात चप्पल होती.

मी घरी आलो. अब्बांना म्हणालो, "तुमी एकदा शाळेत या. सरांशी बोला. न्हाईतर मी जाणार न्हाई."

अब्बा सुरीला धार लावत होते. "सर पण आपलंच गिऱ्हाईक हाय," म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून मी दप्तर घेऊन निघायचो आणि स्टेशनच्या बाकावर बसायचो. शाळेनं घरी निरोप धाडला, तेव्हा अब्बा म्हणाले, "मन लागत नसंल तर दुकानात ये." बस. एवढ्यावर माझी शाळा संपली.

*

पुढच्या थंडीपर्यंत गाठी गेल्या. कुणाला न विचारता आल्या, तशाच गेल्या. तेल केव्हाच टाकून दिलं होतं. चिकन मी चोरून खातच होतो.

नंतर नवलाख उंबऱ्याला एका कंपनीत पॅकिंगला लागलो. पहिला पगार खिशात घालून रस्ता ओलांडला आणि समोरच्या डॉक्टरांना सगळं विचारलं. ते म्हणाले, "वयात येताना बऱ्याच मुलांना होतं. हार्मोन्स असतात. वर्ष-दोन वर्षांत बहुतेकांचं आपोआप जातं. फारच वाढलं, राहिलं, तर दाखवायचं. चिकनचा काही संबंध नाही." मग म्हणाले, "तू तर रोज समोरच दिसायचास की रे."

घरी जाऊन हे शब्द न् शब्द अब्बांना ऐकवले. ते मान खाली घालून जेवत राहिले. मला वाटलं, चला, लाज वाटली.

*

गेल्या रविवारी दुकानात गर्दी होती. मला सुट्टी, म्हणून पिशव्या बांधत होतो. नेहमीचं एक गिऱ्हाईक अब्बांच्या कानाशी लागलं. "भाई, आमच्या पोराच्या छातीत गाठ आल्यागत झालंय. मंडळी म्हणती चिकन बंद करा."

अब्बांनी आवाज अजिबात कमी केला नाही.

"काय होत न्हाई ओ. वयात येताना होतं ते, हार्मोन्स. आपोआप जातं. चिकनचा काय संबंध? हा बघा आमचा समीर. ह्याला पण झालतं. आता बघा कसा हाय. बिनधास्त खायला घाला. किती करू, किलो?"

"दीड करा," गिऱ्हाईक म्हणालं. जीव भांड्यात पडला होता त्याचा. माझ्याकडं बघून हसलं. "हुशार दिसतोय पोरगा. शिकला किती?"

"त्याचं अभ्यासात मनच न्हवतं," अब्बा म्हणाले, आणि दीड किलो तोललं.

मी नववी पास आहे.